मदत हवी आहे: मान पुढे आलीये, जागेवर कशी आणू?

नमस्कार मंडळी. राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, वय ३८. परवा भाच्याच्या मुंजीचे फोटो आले. एकात मी बाजूने उभी आहे: कान खांद्याच्या बराच पुढे, हनुवटी बाहेर, मानेच्या तळाशी छोटा उंचवटा. आई म्हणाली, "कासवासारखी मान काय काढलीयेस गं?"

मग भिंतीला पाठ लावून पाहिलं. टाचा चार बोटं पुढे, कुल्ले आणि पाठ टेकलेली, पण डोकं काही टेकेना. जबरदस्ती टेकवलं तर नजर थेट पंख्यावर! मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं; ते पुढे कललं की मानेमागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरतात. संध्याकाळी मान का भरून येते ते आत्ता कळलं.

लॅपटॉप आता दोन लाडवांच्या डब्यांवर चढवलाय, कीबोर्ड वेगळा घेतलाय. हनुवटी सरळ मागे घेण्याचा व्यायामही करते, ५ सेकंद धरून १० वेळा. पण माझी हनुवटी मागे जाण्याऐवजी खालीच झुकते. हे कसं सुधारायचं? आडवं पडून केलं तर सोपं जातं का?

हाताला मुंग्या किंवा बधिरपणा नाही, तसं असतं तर आधी डॉक्टरच गाठले असते. कोथरूड-कर्वेनगरात नुसतं मशीन न लावता व्यायाम नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? आणि उशी किती जाड घ्यायची? सध्या दोन घेते (ओरडू नका).