मदत हवी आहे: बिलाच्या तारखा डेटाबेसमध्ये कशा ठेवायच्या? मार्चचा रिपोर्ट चुकतोय

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. आमच्या केळीच्या व्यापाराचं सॉफ्टवेअर मीच बनवलंय, चार वर्षं चालू आहे. पण तारखेवर सॉर्ट केलं की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा आधी येतात आणि ३१ मार्च पार तळाला जातो. वर मार्चची बेरीजही जुळत नाही. तारीख टेक्स्टच ठेवू, नंबर करू की अजून काही? लवकर सांगा, सीएचा रोज फोन येतोय.

सातपुडा
कोणता डेटाबेस? कॉलमचा टाइप काय? तारीख हाताने टाकता का कुठून येते? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार भाऊ.

अमळनेरकर
आठ आकडी नंबर ठेवा, २०२४०४०१ असा. सॉर्ट आपोआप होतं. मी पंधरा वर्षं हेच करतोय, कधी अडलं नाही.

सातपुडा
उधारीचे दिवस मोजायचे झाले की अडेल ना. २०२४०४०१ मधून २०२४०३३१ वजा करा, उत्तर ७० येतं. दिवस झाला एकच. व्याज कशावर लावणार?

अमळनेरकर
त्यासाठी मी छोटं फंक्शन लिहिलंय, कोणाला पाहिजे तर देतो.

पुण्यातला_डेव्ह
सरळ टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र, घ्या आणि यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा. सगळीकडे हीच पद्धत आहे.

सातपुडा
बिलाच्या तारखेला नको, कळकळीने सांगतो. १ एप्रिलचं बिल, वेळ रात्री १२, यूटीसीत साडेपाच तास मागे गेलं की ३१ मार्च १८:३०. रिपोर्ट थेट त्यावर काढला तर बिल मागच्या आर्थिक वर्षात. शिवाय मायएसक्यूएल डेटाबेसचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो. बिलाला वेळ नसते, दिवस असतो. त्याला साधा डेट टाइप, नुसती तारीख ठेवणारा.

तापीकाठ
एवढी डोकेफोड कशाला, टॅली घेऊन टाका. आणि भो, आज रावेरला केळीचा भाव काय निघाला?

धुळेकर_दादा
माझा पण प्रश्न घ्या. आमच्याकडे शेतकऱ्याचा हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होतो. तिथी कशी साठवायची?

सातपुडा
दादा, आखाजी २०२४ ला १० मे होती, २०२५ ला ३० एप्रिल. वर्ष आणि त्या वर्षीची तारीख असं वेगळं टेबल करा, हिशोबात तिथून घ्या. मूळ प्रश्नवाले कुठे गेले?

केळीबाग_रावेर
गाडी भरायला गेलो होतो. मायएसक्यूएल आहे, कॉलम व्हारचार, म्हणजे टेक्स्टच. सुरुवातीचं वर्ष एक्सेलवर होतं, एक पोरगा त्याच्या लॅपटॉपवर भरायचा, नंतर मी ऑफिसच्या मशीनवर फाइल उघडून सगळं आत घेतलं. हे सांगायची गरज वाटली नव्हती.

सातपुडा
खरं दुखणं तिथेच आहे. त्या लॅपटॉपवर अमेरिकन सेटिंग असणार. ०३/०४ टाकलं की एक्सेल ४ मार्च समजतं आणि आतमध्ये नंबर करून ठेवतं, तुमच्या मशीनवर ते ०४/०३ दिसतं. २५/०४ मात्र त्याला कळत नाही, ते टेक्स्ट म्हणूनच राहतं. मूळ फाइल उघडून बघा, काही तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटलेल्या (त्या टेक्स्ट) आणि काही उजवीकडे (त्या नंबर झालेल्या) दिसतील. उजवीकडच्या १ ते १२ तारखांवर संशय घ्या.

नुसता टाइप बदलून हे सुधरणार नाही, कारण ४ मार्च ही पण खरीच तारीख आहे, डेटाबेस तक्रार करणार नाही. आधी बॅकअप. मग जुना कॉलम तसाच ठेवून शेजारी डेट टाइपचा नवा कॉलम घ्या, दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट देऊन त्यात भरा, मग बिल नंबरने सॉर्ट करा. जिथे नंबर पुढे आणि तारीख मागे, तिथे बिलबुक काढून बघा.

केळीबाग_रावेर
बठ्ठं सापडलं भाऊ! आमचे बिल नंबर १ एप्रिलला नव्याने सुरू होतात, तर बिल नं. १४ मार्चमध्ये बसलेलं, बिलबुकात शाईने ३ एप्रिल लिहिलंय. अशी ४१ निघाली, हाताने दुरुस्त करतोय. फक्त एक राहिलं, गाडी रात्री ११ ला भरायला लागते आणि वजनकाटा होतो १ वाजता, मग तारीख कोणती धरू?

सातपुडा
दोन कॉलम. बिलाची डेट, काट्याची डेटटाइम. एकातून दुसरी काढू नका, पावतीवर जे छापलंय तेच टाका.

केळीबाग_रावेर
टाकले. तापीकाठ, भाव फोनवर सांगतो, रोज बदलतोय.