हनिमूनला छोटी लक्झरी क्रूझ: एकांत की शंभर जणांची सोबत?

खारावारा
भाचीचं लग्न ठरलंय. हनिमूनसाठी दोघांच्या मनात छोटी लक्झरी क्रूझ भरली आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. माझं मत स्पष्ट आहे: पैसे जमत असतील तर जावंच. विरोधी मतं ऐकायलाच धागा काढतेय, पण आधी माझी बाजू मांडते.

क्रूझ म्हटलं की बहुतेकांना ते तरंगतं शहर आठवतं. घसरगुंड्या, बुफेच्या रांगा, लिफ्टसमोरची झुंबड. २०२४ मध्ये प्रवासाला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ खच्चून भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी होतात. त्याबद्दल मी बोलतच नाहीये. ‘विंड स्टार’ आणि ‘विंड स्पिरिट’ या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजांवर प्रवासी १४८. ‘सी-ड्रीम’च्या दोन बोटींवर तर प्रत्येकी ११२, आणि त्यांच्या दिमतीला ९५ च्या आसपास कर्मचारी.

ही जहाजं जिथे शिरतात तिथे मोठी शिरूच शकत नाहीत. ग्रीसमधला कोरिंथ कालवा १८९३ साली खुला झाला. तळाशी त्याची रुंदी २१ मीटर, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. छोट्या जहाजाच्या डेकवर उभं राहिलं की कडा हाताला लागेल असं वाटतं. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को या शहरातल्या मुख्य चौकासमोरून जायला बंदी केली. लहानांना तो रस्ता अजून बंद नाही. शिवाय लग्नाच्या धावपळीने दोघंही पिचून गेलेले असतात. एकदा बॅग उघडली की हॉटेल बदलणं नाही, टॅक्सी शोधणं नाही, ‘आज जेवायचं कुठे’ हा वाद नाही. रात्री झोपा, सकाळी नवं गाव. याहून चांगला हनिमून कुठला?

उंबरठा
ताई, मुद्दे चांगले आहेत, पण सगळे पर्यटनाचे आहेत. हनिमूनबद्दल यात एक वाक्य नाही.

मोठ्या जहाजावर पाच हजार माणसांत तुम्हाला कुणी ओळखत नाही. तीच खरी मोकळीक. शंभर जणांच्या बोटीवर पहिल्या संध्याकाळीच सगळ्यांना कळतं की हे नवं जोडपं. सकाळी नाश्त्याला उशिरा गेलात की पलीकडच्या टेबलावरून सूचक हसू. जेवायला दोघांचं टेबल मागितलं की शेजारचे आजी-आजोबा प्रेमाने म्हणतात, ‘आमच्यात या ना!’ आता नाही कसं म्हणायचं? उरलेला प्रवास रोज त्यांचं तोंड बघायचंय. मग दोन तास नातवंडांचे फोटो.

हो, आजी-आजोबा. कारण या दरात जाणाऱ्यांत निवृत्त मंडळीच जास्त. माणसं गोड असतात, तक्रार नाही. पण पंचविशीतल्या जोडप्याला चौथ्या-पाचव्या दिवशी आपण कुणाच्या तरी सुवर्णमहोत्सवाला आलोय असं वाटू लागतं.

निवांत
उंबरठा, शेवटचं वाक्य वाचून हसलो, पण तुम्ही अर्धंच चित्र दाखवताय. ही निवृत्त मंडळी रात्री दहाला झोपतात. त्यानंतर अख्खा डेक तुमचा. मोठ्या जहाजावर त्या वेळी डिस्को सुरू होतो.

‘सी-ड्रीम’वर तर उघड्या डेकवर गाद्या आहेत, आधी सांगून ठेवलं तर रात्री तिथेच अंथरूण घालून देतात. आकाशाखाली, किनाऱ्यापासून दूर. अशी रात्र कुठल्या हॉटेलात मिळणार? आणि टेबलाचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी डायनिंगच्या प्रमुखाला गाठून सांगायचं, ‘आम्हाला रोज दोघांचं टेबल.’ कर्मचारी इतके असतात की लक्षात ठेवतात. लाज वाटून गप्प बसलं की मग नातवंडांचे फोटो बघावेच लागतात.

बोटलागी
एकांतावर भांडताय आणि पोटाचं काय ते कुणी बोलतच नाही. माझं नावच बघा. :)

जितकं जहाज लहान तितकी लाट जास्त जाणवते. एजंट सांगतात, ‘स्टॅबिलायझर आहेत, काही होणार नाही.’ स्टॅबिलायझर म्हणजे बुडाजवळ दोन्ही बाजूंना असलेले पंख. ते बोटीचं डाव्या-उजव्या अंगावर कलंडणं कमी करतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाऊन धप्पकन खाली येते, त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि साध्या पंखांना काम करायला वाहतं पाणी लागतं, म्हणजे वेग लागतो. नांगर टाकून उभ्या बोटीला त्यांचा आधार जवळपास नसतोच. लहान जहाजं बऱ्याचदा धक्क्याला न लागता बाहेर नांगरच टाकतात, हे लक्षात घ्या.

आता गंमत. सर्वांत कमी हलते ती जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची केबिन. आणि हनिमूनसाठी लोक कुठली घेतात? सर्वांत वरची, टोकाची, बाल्कनीवाली! जास्त पैसे मोजून जास्त हेलकावे.

बोट लागल्यावर गोळी घेऊन उपयोग थोडा, ती आधी घ्यावी लागते. कानामागे लावायची पट्टी मिळते, तीही निदान चार तास आधी, डॉक्टरांना विचारून. दोन्हींनी झोप येते, आणि वर दारू घेतली की आणखीच. भाड्यात दारू धरलेल्या बोटीवर हे सांभाळणं आलं. नवऱ्याने सूर्यास्त एकट्याने बघायचा आणि बायकोने केबिनमध्ये बादली धरायची (किंवा उलट), हा हनिमून कुणाला हवाय?

उगाचच
> बाल्कनीवाली! जास्त पैसे मोजून जास्त हेलकावे.

+१. ‘विंड स्टार’ आणि ‘सी-ड्रीम’वर बाल्कनीच नाही, म्हणजे तो मोह आपोआप सुटला. पण केबिन १८८ ते १९५ चौरस फुटांची. न्हाणीघर त्यातच धरून.

जुनाखलाशी
जहाजांवर नोकरी केलेली आहे, प्रवासी म्हणून नाही. त्यामुळे रोमान्सवर बोलणार नाही, समुद्रावर बोलतो.

तुम्ही सगळे जहाज कुठलं यावर वाद घालताय. आधी महिना कुठला ते विचारा. लग्नाची तारीख घरचे ठरवतात, हॉल मिळेल तशी. समुद्राला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. अटलांटिक आणि कॅरिबियनचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात सप्टेंबर सर्वांत वाईट. बऱ्याचशा लहान लक्झरी बोटी युरोपच्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात येतात त्याचं हेही एक कारण. मग लोक म्हणतात, जुलैत ग्रीसची बेटं करू. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बेटांभोवतीच्या एजियन समुद्रात मेल्तेमी वाहतो. कोरडा, उत्तरेकडचा वारा. आभाळ निळंशार, फोटोत सगळं शांत, आणि समुद्र मात्र पांढरा झालेला. असा वारा दिवसच्या दिवस राहतो.

त्या वाऱ्यात नांगर टाकून प्रवाशांना छोट्या होडीने किनाऱ्यावर नेणं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. होडीचा फलाटाशी दीड-दोन फूट वर-खाली खेळ चाललेला, दोन खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरणार, आणि लाट वर आली त्या क्षणी ‘आता!’ म्हणून पाऊल टाकायचं. तरुणांना जमतं. पण वारा वाढला की कप्तान बंदर रद्द करतो, आणि ते बरोबरच आहे. तिकिटाच्या अटींत मार्ग बदलायचा हक्क जहाजाकडे असतो, भरपाईची फार आशा ठेवू नये. ज्या एका बेटासाठी बुकिंग केलं तेच गळलं असं होऊ शकतं. खारावारा यांचा कोरिंथ कालवाही दरडींमुळे २०२१ पासून बराच काळ बंद होता. तो वेळापत्रकात आहे का ते बघूनच स्वप्न बघा.

माझा सल्ला विचाराल तर हनिमून पुढे ढकला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघायलाच हवं असं कुठे लिहिलंय? एजियनसाठी मे-अखेर किंवा सप्टेंबर-अखेर. किंवा मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटांकडे जा. तिथलं ‘पॉल गोगॅं’ हे जहाज त्या बेटांसाठीच बांधलेलं, पाण्याखाली बुडणारा भाग पाच मीटरच्या आसपास, त्यामुळे उथळ खाजणांत जाऊ शकतं. प्रवासी मात्र तीनशेच्या वर. बोरा बोराला प्रवाळाच्या कड्याच्या आत नांगर पडला की बाहेरची लाट बाहेरच फुटते. बोटलागी, तुमच्यासाठी ती जागा ठीक आहे. बेटा-बेटांमधलं उघडं पाणी मात्र ओलांडावंच लागेल.

बोटलागी
खलाशीकाका, प्रवाळाच्या आत विमानानेही जाता येतं ना? मग मी तिथे हॉटेलातच राहते.

उंबरठा
बोटलागींनी नेमकं माझ्या मनातलं म्हटलं. गाव खरं कळतं ते संध्याकाळी, दिवसभराचे पाहुणे गेल्यावर. क्रूझवाले हेच दिवसभराचे पाहुणे. सकाळी उतरा, दुपारी परता, पाच वाजता भोंगा. सँटोरिनीला खालच्या जुन्या बंदरावरून वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेवर पायऱ्या. अर्धा वेळ रांगेत जातो आणि सूर्यास्त बघायचा तर जहाज निघायची वेळ.

निवांत
पाचचा भोंगा मोठ्या जहाजांचा. लहान जहाजं बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरापर्यंत थांबतात, कधी मुक्कामही करतात. बुक करण्याआधी वेळापत्रकात बंदरांपुढची सुटण्याची वेळ वाचा. फोटोंपेक्षा तो एक रकाना जास्त सांगतो. रात्री अकरा लिहिलं असेल तर उंबरठांचा मुद्दा निकाली, पाच लिहिलं असेल तर उंबरठा बरोबर.

पाणपोई
पर्यावरणाचं कुणी काढलंच नाही, म्हणून मी काढतो, शिव्या खायची तयारी ठेवून. लहान म्हणजे हिरवं असा समज दिसतोय. उलट आहे. माणसामागे जागा जास्त, कर्मचारी जास्त, म्हणजे माणसामागे इंधनही जास्त. शिडं बघून भुलू नका. ठरलेल्या वेळी ठरलेलं बंदर गाठायचं तर वारा पडला की इंजिन लागतंच. भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली आहे, ते चांगलं झालं, पण गंधक कमी झालं म्हणजे कार्बन कमी झाला असं नाही. जायचं तर जा, ‘आम्ही साधं-सुंदर निसर्गातलं काहीतरी केलं’ असं मात्र सांगू नका.

उगाचच
हनिमूनला कार्बनचा हिशेब! पाणपोई, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?

पाणपोई
उत्तम. आम्ही रेल्वेने गेलो होतो.

कागदोपत्री
वाद चालू द्या, दोन कामाच्या गोष्टी सांगते. लग्नानंतर आडनाव बदलणार असाल तर तिकीट आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. पासपोर्ट जुन्या नावाचा आणि हौसेने बुकिंग नव्या नावाने, असं केलं तर धक्क्यावरच अडकाल. बदल परत आल्यावर करा. दुसरं, पलंग जोडलेला हवा हे लेखी कळवा, कारण बऱ्याच केबिनमध्ये दोन वेगळे पलंग जोडून एक करतात. आणि विमा, तो जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देतो का ते बघूनच घ्या. लहान जहाजावर दवाखाना छोटाच असतो.

हो, आणि चढल्यावर पहिला कार्यक्रम शँपेनचा नसतो. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं त्याची कवायत असते. २०१२ मधल्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या अपघातानंतर नियम कडक झाला, जहाज निघण्याआधी किंवा निघता निघताच ती घ्यावी लागते. टाळता येत नाही.

खारावारा
छान चर्चा. खलाशीकाकांचा महिन्याचा मुद्दा भाचीला पाठवला आहे. लग्न जूनमध्ये आहे, दोघांची रजा सप्टेंबरच्या शेवटी मिळू शकते. बोटलागींमुळे मधली, खालची केबिन नक्की. उंबरठांशी मात्र अजिबात सहमत नाही. ज्या जोडप्याला चार म्हाताऱ्यांच्या हसण्याने अवघडायला होतं, त्यांना हॉटेलच्या लॉबीतही होईल. उलट पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांबरोबर एखादी संध्याकाळ बसलं तर बिघडलं कुठे?

उंबरठा
एखादी संध्याकाळ, कबूल. पण तुम्ही उगाचच यांचा प्रतिसाद सोडलात. १९० चौरस फूट, न्हाणीघर धरून. लग्नानंतरचं पहिलं भांडण बहुतेक हनिमूनलाच होतं, हे इथल्या विवाहितांनी नाकारून दाखवावं. हॉटेलात असाल तर एकजण तासभर पाय मोकळे करून येतो. बोट रात्रभर पाण्यात. जाणार कुठे?

निवांत
वरच्या डेकवर. तिथे गाद्या आहेत.

उंबरठा
आणि त्यावर आधीच दुसरं जोडपं असेल तर?

जुनाखलाशी
रात्रपाळीला आम्ही असायचो ना डेकवर. असे एकटेच आलेले नवरे पुष्कळ पाहिलेत. कॉफी द्यायची, वारा कुठल्या दिशेचा ते सांगत बसायचं. अर्ध्या तासाने बायको शोधत यायची. जहाज लहान असल्याने फार शोधावं लागत नसे.

उगाचच
भाचीने बुकिंग केलं की मेन्यूचा फोटो टाका इथे.