जुन्या पोलादी रेसिंग सायकलीचा मूळ रंग खरवडावा का?

शिवडीकर

माझगावच्या एका चाळीत जिन्याखाली वीस-पंचवीस वर्षे उभी असलेली एक सायकल गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. तिचे मालक गोदीत नोकरीला होते. ते गेल्यावर घरच्यांना जिन्याखालची जागा मोकळी करून हवी होती, आणि भंगारवाल्याने वजनावर जो भाव सांगितला त्याच्या दुप्पट मी दिला, एवढाच काय तो व्यवहार. टायरांचा चुरा झालेला, ब्रेकच्या तारा तुटलेल्या आणि संपूर्ण सांगाड्यावर खिडक्यांच्या गजांना लावतात तसला हिरवा तैलरंग ब्रशाने फासलेला.

मात्र सीटचा दांडा उपसून त्याला व्हर्नियर लावला तेव्हा माप २७.२ मिलिमीटर भरले. या मापाचे महत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या रेसिंग सायकलींत सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक वेळा २८.६ मिलिमीटर असतो. म्हणजे एवढा जाड दांडा आत जायचा तर नळीची भिंत एक मिलिमीटरपेक्षा बरीच पातळ असायला हवी, आणि इतक्या पातळ नळ्या साध्या पोलादाच्या करीत नसत. मागच्या गिअरवर कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचे नाव आणि ‘पेटंट ७२’ अशी अक्षरे उठवलेली आहेत. त्या काळच्या या गिअरांवर असे दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात, तेव्हा निदान तो सुटा भाग १९७२ चा धरायला हरकत नाही. सीटच्या नळीवर नखाएवढा हिरवा पापुद्रा उडाला आहे, आणि तिथे खाली जांभळट रंग व सोनेरी अक्षराची कड दिसते.

माझे म्हणणे असे की, वरचा हिरवा थर हलक्या हाताने काढावा, खालचा रंग जसा निघेल तसा ओरखड्यांसकट राखावा आणि पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची पूड फवारून भाजण्याच्या, भट्टीकडे सायकल नेऊच नये. माझ्या मित्रमंडळींत याला एकाचीही संमती नाही, म्हणून येथे मत विचारतो आहे.

घाटवाट

मलाही हे पटत नाही. ज्यांना सायकल भिंतीवर टांगायची आहे त्यांना ओरखड्यांचे कौतुक परवडते; ज्यांना पहाटे मरीन ड्राइव्हवर चालवायची आहे त्यांना नाही. आपल्या शहरात चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा असते. रंग उडालेली जागा उघडी ठेवली, तर चार दिवसांत तिथे नारिंगी पूड जमते हे शिवडीत राहणाऱ्याला मी सांगायला नको.

भट्टीच्या उष्णतेने सांधे सुटतात ही समजूतही निराधार आहे. पावडर साधारण २०० अंश सेल्सियसला भाजली जाते, तर लगमधले, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबणींमधले, पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते. चांदीचे झाळण वापरले असेल तरी ते ६०० अंशांच्या वरच सुटते. मी माझ्या सायकलीला तीन वर्षांपूर्वी पावडर कोटिंग करून घेतले आणि तेव्हापासून दोनदा बोरघाट चढून आलो. मुंबई-पुणे शर्यतीत ज्यांनी ‘घाटाचा राजा’ हा मान मिळवला, त्यांनी आपल्या सायकलींचा रंग जपण्यासाठी त्या घरात ठेवल्या नव्हत्या.

तिसरा गिअर

उष्णतेबद्दल घाटवाट यांचे म्हणणे बरोबर आहे, पण घात भट्टीत होत नाही, भट्टीच्या आधी होतो. मी एक सांगाडा अशाच एका ठिकाणी दिला होता. तिथे रोज लोखंडी गेट आणि बाल्कनीचे कठडे रंगवले जात होते, आणि माझ्या सांगाड्यावरही त्याच जाड वाळूचा तेवढ्याच दाबाने मारा झाला. लगांची निमुळती टोके, जी कोण्या कारागिराने कानशीने घासून काढली होती, ती बोथट होऊन परत आली. पेडलच्या धुरीच्या पेटीतल्या आट्यांत पावडर बसली आणि तळाचा क्रमांक बुजून गेला. बटेड नळ्या टोकांना जाड आणि मध्यभागी पातळ असतात; मधली भिंत कधी कधी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, आणि तिथे आडदांडपणे मारलेली वाळू म्हणजे कागदावर पॉलिशपेपर घासण्यासारखेच आहे.

असे असले तरी मी शिवडीकरांच्या बाजूने नाही. रंग हा सायकलीच्या ओळखीचा पुरावा आहे, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते, आणि नेमका तोच पुरावा सर्वांत कच्चा आहे. रेनॉल्ड्सची ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी १९३५ मध्ये आली आणि पुढे अनेक दशके चांगल्या सायकलींवर तिचे चिकटचित्र मिरवत राहिले. आज ते चिकटचित्र कोणीही छापून घेऊ शकतो. अस्सल चिकटचित्रातही शब्द नीट वाचावे लागतात: तीन मुख्य नळ्याच ५३१ च्या आहेत, की पुढचे चाक धरणारा चिमटा आणि मागच्या बारीक नळ्याही, हे त्या मजकुरातच लिहिलेले असते.

त्यापेक्षा धातूला विचारावे. पेडलच्या धुरीची पेटी ६८ मिलिमीटर रुंद आणि उजव्या कपाचे, म्हणजे छर्रे बसतात त्या वाटीचे, आटे उलटे असतील, तर इंग्लिश माप. पेटी ७० मिलिमीटरची आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतील, तर इटालियन. मागचे चाक जिथे अडकते त्या पट्टीवर कोणाचा ठसा आहे, अशा दोन पट्ट्यांमधले अंतर १२० मिलिमीटर आहे की १२६, यावरून पाच चकत्यांचा फ्रीव्हील होता की सहांचा, याचाही अंदाज येतो. यांपैकी काहीही रंग काढल्याने नाहीसे होत नाही, फक्त रंग काढणारा हात जाणता हवा.

वरळी नाका

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट खटकते. परदेशी नाव दिसले की जांभळट रंगाचा नखाएवढा तुकडाही जपण्यासारखा वाटतो, आणि आपल्याकडच्या सायकली मात्र किलोच्या भावाने जातात. हिंद सायकलचा कारखाना याच शहरात, वरळीला होता. १९८० च्या कायद्याने हिंद सायकल आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि आज हिंदचा मूळ रंगातला एखादा सांगाडा पाहायचा म्हटले तर कुठे जावे हे मला सुचत नाही. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. तो अजून हँडलला लटकत असलेली सायकल मी गेल्या वर्षी चोरबाजारात पाहिली आणि घासाघीस करीत राहिलो, तेवढ्यात दुसऱ्याने नेली. असो.

शिवडीकरांना माझा प्रश्न असा आहे: वरचा हिरवा रंगही कोणीतरी याच शहरात, कदाचित त्या गोदीवाल्या गृहस्थांनीच, पावसाळ्यापूर्वी सायकल वाचावी म्हणून लावला असेल. मग जांभळा तो इतिहास आणि हिरवा तो कचरा, हे कोणी ठरवले?

माजी फिटर

मी चाळीस वर्षे आऊट काढले आणि छर्रे बदलले, त्यामुळे लिहिण्याची सवय नाही. चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. आपण सर्व जण बाहेरच्या कातडीवर भांडत आहात. मुंबईत सायकल बाहेरून सडत नाही, आतून सडते. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी नळीत उतरते, खाली पेडलच्या धुरीच्या पेटीत साचते, तिथल्या ग्रीसचा चिखल होतो आणि गंज पेटीलगतच्या नळ्या पोखरत वर चढतो. वरून नवा रंग मारलेला असला की हे कोणाला कळत नाही, आणि एक दिवस खड्ड्यात आदळल्यावर खालची तिरकी नळी पेटीजवळ मुडपते. अशा दोन सायकली माझ्याकडे आल्या होत्या, दोन्हींचा रंग अगदी नवा कोरा.

तेव्हा रंगाचा विचार नंतर करावा. आधी दोन्ही कप काढावेत. उजवा कप काढताना घाईने जोर लावू नये. पेटी इंग्लिश असेल तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो, आणि हे न कळल्यामुळे उलट्या दिशेने आवळून अनेकांनी आटे मारले आहेत. पेटी मोकळी झाली की सायकल उलटी धरून आपटावी आणि काय पडते ते पाहावे. पिवळी पूड पडली तर चिंता नाही. पापुद्रे पडले तर टोचा घेऊन नळीला खालच्या बाजूने दाबून पाहावे. टोचा रुतला तर त्या सांगाड्याला कोणताही रंग द्या, मी त्यावर बसणार नाही. नळ्या धड असतील तर आत बेलतेल (रंगकामात वापरतात ते उकळलेले जवसाचे तेल) ओतून, सायकल सगळ्या बाजूंना फिरवून, निथळून दोन-तीन दिवस सुकू द्यावी. पेटीच्या तळाला पाण्यासाठी बारीक भोक नसेल तर ते पाडून घ्यावे. हे झाल्यावर बाहेर हिरवा ठेवा, जांभळा ठेवा, मला दोन्ही सारखेच.

शिवडीकर

वरळी नाका यांच्या प्रश्नाने मी अडचणीत आलो हे कबूल करतो. गोदीवाल्यांच्या मुलाला फोन करून विचारले. हिरवा रंग वडिलांनीच लावला होता, घराच्या खिडक्या रंगवून उरलेला, आणि त्यामागे सायकल वाचवण्यापेक्षा डबा फुकट जाऊ नये हा विचार अधिक होता, असे तो हसून म्हणाला. तरीही चिमट्याच्या आतल्या बाजूचा हिरवा मी आहे तसाच ठेवणार आहे. बाकीचा थर प्लास्टिकच्या पातीने पापुद्र्यासारखा सुटतो, कारण खालचा भट्टीत भाजलेला एनॅमल त्याला घट्ट धरून नव्हता. थिनर मात्र मी बोळ्याने एकाच जागी लावून पाहिला आणि लगेच थांबलो. बोळा जांभळा झाला होता.

घाटवाट यांचे एक म्हणणे मान्य. पत्रा उघडा पडला आहे तिथे मेणाचा थर द्यावा लागेल आणि पावसात ती बाहेर काढता येणार नाही. तिसरा गिअर यांच्यासाठी: पेटी ६८ मिलिमीटरची भरली.

काल माजी फिटर यांच्या सूचनेप्रमाणे डावा कप काढला. मूठभर पिवळी पूड आणि चार मोडके छर्रे पडले, पापुद्रे नाहीत, आणि नळीत टोचा कुठेही रुतला नाही. उजवा कप दोन दिवस तेलात भिजवून, घड्याळाच्या दिशेनेच जोर लावतो आहे. अजून हललेला नाही. जवळपास कोणाकडे त्याचा मोठा पाना असल्यास रविवारी सायकल घेऊन येईन.