घरच्या संगणकावर एडिटिंग: 'प्रोफेशनल' सॉफ्टवेअर हवंच का?

सांजवारा
आजीचं सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात आहे आणि तिच्यावर पंचवीस मिनिटांची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलंय. नातेवाइकांनी फोनवर काढलेले शंभरेक व्हिडिओ, जुन्या अल्बममधले फोटो आणि आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय असं चाळीस मिनिटांचं एक सलग चित्रीकरण, एवढा ऐवज जमलाय. संगणक घरचाच. विंडोज ११, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो, शिकायचंच तर प्रोफेशनल शिका. एक नावाजलेलं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. चौथी क्लिप टाइमलाइनवर ठेवली आणि आजीचे शब्द तुटायला लागले, माउसचा बाण जागच्या जागी थिजला. दोन संध्याकाळी वाया गेल्या. माझं मत आता पक्कं झालंय: घरच्या मशीनला केडेनलाइव्ह किंवा शॉटकट हेच योग्य. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही फुकट. 'प्रोफेशनल'च्या आग्रहापायी माणूस कामाला हातच घालत नाही. पटत नसेल तर जरूर सांगा.

रीळकरी
मला अजिबात पटत नाही. दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर मुळात सिनेमाच्या रंगकामासाठी बनलेलं. ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये मूळ कंपनी घेतली, आणि आज त्याची फुकट आवृत्ती कोणालाही उतरवून घेता येते. ४के, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतचा व्हिडिओ निघतो. फक्त सशुल्क इफेक्ट वापरला तरच चित्रावर शिक्का येतो. सशुल्क 'स्टुडिओ' आवृत्ती घ्यायची झाली तरी २९५ डॉलर एकदाच, दरमहा भाडं नाही.

आणि आवाजाचं काय? फेअरलाइट नावाचं पूर्ण वेगळं पान त्यात आहे. ओव्या हा तुमच्या फिल्मचा जीव, तिथे तडजोड कशाला? माझा पुतण्या याच फुकट आवृत्तीवर शिकला आणि आज लग्नांचं एडिटिंग करून घर चालवतो. रॅम वाढवा, सॉफ्टवेअर खाली आणू नका.

सांजवारा
पुतण्याचं कौतुकच आहे. पण त्याला तो धंदा करायचा होता, मला एक फिल्म करायचीय. रिझॉल्व्हसाठी कमीत कमी १६ जीबी रॅम सांगतात, त्यातलं इफेक्टचं पान, फ्यूजन, वापरायचं तर ३२. शिवाय ते ग्राफिक्स कार्डावर फार विसंबतं. म्हणजे नुसत्या रॅमने माझं भागणार नाही. सहस्रचंद्रदर्शनाला दोन महिने राहिलेत.

आळीतला
एवढं कशाला? विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आहेच. विंडोजचा जुना मूव्ही मेकर २०१७ मध्ये बंद झाला तेव्हा माझ्यासारख्यांची फार पंचाईत झाली होती. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये क्लिपचॅम्प घेतलं आणि ती जागा भरली. १०८०पीपर्यंत पैसे लागत नाहीत. कार्यालयातल्या पडद्यावर त्याहून जास्त कोणाला दिसणार आहे?

एकच कळकळीने सांगतो, पेनड्राइव्हवरून मिळणारी 'क्रॅक' कॉपी घेऊ नका. ॲडोबीच्या प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात, म्हणून लोक असले मार्ग शोधतात. एका दुकानदाराने मला असंच एक सॉफ्टवेअर 'लाइफटाइम' म्हणून टाकून दिलं होतं. आठवड्याभरात सगळ्या फोटोंच्या फाइली कुलूपबंद झाल्या. मुलीच्या बारशाचे फोटो त्यात होते. ते परत मिळाले नाहीत.

पारिजात
वाचून वाईट वाटलं.

मूळ मुद्द्यावर मात्र तुम्ही सगळे सॉफ्टवेअरच्या नावावर भांडताय आणि अडचण फायलींमध्ये आहे. आजचे बरेच फोन एचईव्हीसी नावाच्या, व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत चित्रीकरण करतात. जागा वाचावी म्हणून त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्यांमध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायला संगणकाला आजूबाजूच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. तुमचा बाण थिजला तो यानेच असणार. यावर उपाय प्रॉक्सी. केडेनलाइव्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'प्रॉक्सी क्लिप'वर टिक करा. लहान आकाराची प्रत तयार होते आणि क्लिपवर 'पी' अक्षर दिसतं. काटछाट त्या प्रतीवर करायची, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलीतूनच बनतो. ही सोय रिझॉल्व्हमध्येही आहे, पण म्हणून ८ जीबीवर ते चालेलच असं नाही.

दुसरं, चाळीस मिनिटांची सलग क्लिप. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, कमीजास्त होत राहतो, त्यामुळे शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. आधी हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून ती फाइल नव्याने काढा, मग कापायला घ्या.

तिसरी गोष्ट कोणीच बोललं नाही: मराठी अक्षरं. सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी टायटलमध्ये 'विठ्ठल' लिहून बघा. वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा 'ठ्ठ' फुटून पाय मोडलेला ठ दिसला, तर तिथेच थांबा. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिपीची सेटिंग वेगळी निवडावी लागते. ओव्यांचे शब्द पडद्यावर देणार असाल तर हे सगळ्यात आधी तपासा. 'मुक्त' नावाचा फॉन्ट घ्या, फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट येतात.

सांजवारा
रात्री दहा क्लिपांच्या प्रॉक्सी केल्या. बाण हलतोय! 'विठ्ठल' केडेनलाइव्हमध्ये 'मुक्त' फॉन्टात स्वच्छ आला. आईला बोलावून दाखवला.

रीळकरी
माझं मत बदललेलं नाही. पुढच्या वर्षी मशीन बदललंत की रिझॉल्व्ह लावून बघाच. पण या फिल्मसाठी एक ऐका. नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र आणि आवाज दोन्ही दाबले जातात. आणि ओव्यांची मूळ फाइल आत्ताच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, एडिटिंग सुरू करायच्या आधी.