मदत हवी आहे: लेदरची सीट पावसात रोज भिजतेय

घाटरस्ता: सायकलच्या सीटला कव्हर घालूनही रोज भिजते. उद्यापासून पावसाचा जोर वाढणार म्हणतायत, काय करू लवकर सांगा.

मावळा_दोनचाकी: कुठली सीट? खरं लेदर की रेक्झिन? मडगार्ड आहे का मागे?

घाटरस्ता: ब्रूक्स कंपनीची बी-१७, खरं लेदर. मडगार्ड नाही, पण त्याचा काय संबंध, पाऊस तर वरून पडतो.

मावळा_दोनचाकी: सगळा संबंध तिथेच आहे. मागच्या चाकाने उडालेलं पाणी सरळ सीटच्या खालच्या बाजूला बसतं आणि ती बाजू खरखरीत, कच्ची असते, पाणी पिऊन घेते. तुम्ही वरून झाकताय आणि ती खालून भिजतेय.

पंचगंगा: खोबरेल चोळा भरपूर. आमच्याकडे कोल्हापुरीला वर्षानुवर्षं तेल लावतात, काही होत नाही.

रपेट: खोबरेल अजिबात नको! चप्पल मऊ झाली तर चांगलंच, पण ही सीट पुढून-मागून लोखंडी सांगाड्यावर ताणलेली असते, फार मऊ झाली की मधे झोळी पडते. प्रूफाइड म्हणून ब्रूक्सचंच लेदरला लावायचं मलम मिळतं डबीत, त्याचा पातळ हात वरून आणि खालूनही द्या, रात्रभर ठेवा, सकाळी सुक्या फडक्याने पुसा.

पंचगंगा: एवढ्याशा डबीला एवढे पैसे कशाला, घरात तेल असताना?

साधा_सायकलवाला: प्रूफाइडमध्ये काय असतं? शाकाहारी आहे का?

रपेट: नाही. गुरांची चरबी, कॉड माशाचं तेल, मेण. चालत नसेल तर ब्रूक्सचीच कॅम्बियम सीट बघा, रबर आणि कापडाची, तिला पावसाचं भय नाही.

गियरप्रेमी: मी जेलवालं कव्हर टाकलंय, लांबच्या राईडला बूड अजिबात दुखत नाही. पॅडवाली शॉर्टही घ्या.

घाटरस्ता: अहो दुखत नाहीये, भिजतेय! आत्ताही ओली आहे आणि मधे खोलगट वाटतेय. हेअर ड्रायर मारू का? आणि सीट ताणायचा पुढचा नट आवळू?

मावळा_दोनचाकी: दोन्ही नको!! हे आधी सांगायचं ना. ड्रायरने, उन्हाने लेदर कडक होऊन तडकतं. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा, दोन दिवस लागले तरी लागू देत, तोवर बसू नका कारण ओलं लेदर वजनाने ताणतं आणि परत येत नाही. पूर्ण वाळल्यावरच नट, तोही जेमतेम पाव फेरा.

घाटरस्ता: दोन दिवस ऑफिसला कसा जाऊ? आणि फ्रेमला मडगार्डची भोकंच नाहीत.

रपेट: तोवर कुठलीही जुनी साधी सीट लावा. मडगार्ड सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या उभ्या दांड्याला, क्लिप होणारं येतं. अगदीच नाही तर सीटखालच्या रेलमध्ये (आडव्या दांड्यांमध्ये) अडकवायचं प्लास्टिकचं पान तरी घ्या.

साधा_सायकलवाला: माझ्या सीटवर पांढरी बुरशी आलीय, त्याला काय लावू?

मावळा_दोनचाकी: कुठे ठेवता सायकल? कव्हर घालूनच ठेवता का?