सीटीतले नोड आखायचं काम एआयकडे द्यावं का?

एक्सरेबाबा: छातीच्या सीटी स्कॅनमध्ये लिम्फ नोडची, म्हणजे लसिकाग्रंथींची, कड आखणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम. नोड, रक्तवाहिनी, अन्ननलिका, सगळं जवळपास एकाच करड्या रंगाचं. म्हणून मोठ्या दोन-चार नोडची मापं लिहून आम्ही मोकळे होतो. रेसिस्टचे, म्हणजे कॅन्सरची गाठ वाढली की घटली हे ठरवायचे, निकषही तेवढ्यावर भागवतात: आखूड व्यास १५ मिमी किंवा जास्त असेल तर मोजा, १० च्या आत असेल तर नॉर्मल. २०१५ ला फ्रायबर्गच्या मंडळींनी यू-नेट हे चित्रातले भाग आखणारं एआय मॉडेल आणलं. आता सगळ्याच नोडचं घनफळ मिळू शकतं. मग अडतंय कुठे?

गावठी_डॉक्टर: मॉडेलच्या शिकवणीत. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा स्कॅनचा खुला संच बरेच जण वापरतात, त्यात छातीचे रुग्ण ९० आणि नोड ३८८. आपल्याकडे छातीत नोड वाढला की आधी टीबीचा संशय. मधे काळपट, कडेला चकाकणारे, तीन-चार एकमेकांना चिकटलेले. त्या गोळ्याची कड हे मॉडेल कुठून ओढणार?

एक्सरेबाबा: मग इथल्या स्कॅनवर शिकवा की! आणि टीबी की कॅन्सर, हे त्याला विचारतंय कोण? नुसती कड आखून द्यायची.

आकडेमोड: मी असली मॉडेलं बनवतो, तरी डॉक्टरांच्या बाजूने. डाइस स्कोअरवर, म्हणजे मशीनची आखणी माणसाच्या आखणीशी किती जुळते त्या आकड्यावर, भाळू नका. ३० मिमीच्या नोडचं घनफळ ८ मिमीच्या नोडच्या पन्नासपटीहून जास्त. मोठा नीट आखला की छोटा अख्खा सुटला तरी आकडा जेमतेम हलतो. वर २०२३ च्या एलएनक्यू या नोड-आखणीच्या स्पर्धेत शिकवणीच्या स्कॅनवर सगळे नोड आखलेलेच नव्हते. न आखलेला नोड म्हणजे 'इथे काही नाही', असं मॉडेल शिकणार नाही तर काय!

सातारकरीण: वडिलांच्या लिम्फोमात (लिम्फ नोडच्या कॅन्सरात) एका रिपोर्टात १४ मिमी, पुढच्यात १६. आमची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, वाढ नाही, मोजणारा बदललाय. मशीन दरवेळी एकाच पद्धतीने मोजणार असेल तर मला हवंय. फक्त रिपोर्टवर सही माणसाची हवी.

गावठी_डॉक्टर: ताई, सहीचंच तर भय आहे. आयते रंगवलेले नोड समोर आले की नजर तिथेच खिळते, न रंगवलेला कोपरा बघायचा राहून जातो. आधी स्वतः वाचा, मग रंग चालू करा.

एक्सरेबाबा: दोनदा वाचायला वेळ असता तर हा धागा कशाला काढला असता?

आकडेमोड: फॉलो-अपपुरतं द्या. आधी मोजलेले नोडच परत मोजायचे. पहिला स्कॅन माणसाने वाचावा.

गावठी_डॉक्टर: आणि फॉलो-अपमध्येच नवा नोड उगवला तर? रेसिस्टच्या हिशेबात नवी गाठ म्हणजे आजार वाढला. तुमचं मॉडेल जुनेच मोजत बसेल.