हवाईची सुशी, पोके आणि मासे : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आठ दिवस होनोलुलुला जाऊन आलो. घरी पाऊल टाकताच आईचा पहिला प्रश्न : "कच्चा मासा खाल्लास का रे?" खाल्ला. रोज खाल्ला. त्यातली दोनच जेवणं सांगतो, मग धागा तुमच्या हवाली.

पहिल्या संध्याकाळी वायकीकीत एका 'हवाईयन सीफूड आणि सुशी'वाल्या ठिकाणी गेलो. मंद दिवे, लाकडी मुखवटे, वेटरच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट. पोके, म्हणजे मसाला लावलेले कच्च्या माशाचे तुकडे, आला तो उभ्या दांड्याच्या काचेच्या ग्लासात. वर आंबा, त्यावर ॲव्होकॅडो, त्यावर तळलेल्या वॉनटनचा चुरा आणि त्यावर केशरी मेयोनीजच्या रेघोट्या. मासा काडीने शोधून काढावा लागला. तिघांचं बिल टिपसकट 240 डॉलर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या बाटल्या घ्यायला सुपरमार्केटात शिरलो, तर मागच्या बाजूला काचेच्या काउंटरमध्ये दहा-बारा तऱ्हेचे पोके मांडलेले. आपल्याकडे फरसाणवाला हातावर चिमूट ठेवतो तशी बाई चव बघायला देत होती. अर्धा पौंड, म्हणजे साधारण 225 ग्रॅम, शोयू आही घेतला. शोयू म्हणजे सोया सॉस, आही म्हणजे ट्यूना. सोया सॉस, तिळाचं तेल, गोडसर कांदा आणि ट्यूनाचे गडद लाल चौकोनी तुकडे, बस. पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून उभ्यानेच संपवला आणि अजून अर्धा पौंड आणायला आत गेलो.

तुम्ही कुठे खाल्लं, काय आवडलं, कुठे फसलात? बिनधास्त लिहा.

खारा वारा :
होनोलुलुत सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं चोखंदळपणे लिहिते. आधी उच्चार. 'पोक' नाही, पोके. हवाईयन भाषेत त्याचा अर्थच आडवं कापणं, तुकडे करणं. जुना पोके म्हणजे किनाऱ्याजवळचा मासा, जाडं समुद्री मीठ, लिमू म्हणजे समुद्री शेवाळ, आणि इनामोना, म्हणजे भाजून कुटलेली कुकुईची बी. सोया सॉस आणि तिळाचं तेल जपानी मजुरांच्या हाताने आलं. 1885 पासून उसाच्या मळ्यांसाठी करार करून जपानी माणसं मोठ्या संख्येने आणली गेली, आणि त्यांच्या डब्यातला भात तिथल्या माशाखाली येऊन बसला.

तुम्ही घेतलात त्या काउंटरवर पाटी वाचायची असते. एका ट्रेवर 'ताजा', दुसऱ्यावर 'आधी गोठवलेला' असं लिहिलेलं असतं, आणि दुसरा स्वस्त असतो. गोष्ट अशी की गोठवलेलाच पुष्कळदा जास्त लालचुटुक दिसतो, कारण रंग टिकावा म्हणून त्याला कार्बन मोनॉक्साइड दिलेला असतो. ताजा आही थोडा काळपट, पण ओलसर चमकणारा. मी पहिलं वर्षभर रंगाला भुलून गोठवलेलाच आणत होते आणि स्वतःला फार दर्दी समजत होते.

बंदराच्या 38 नंबरच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो. तो 1952 पासून आहे. पहाटे सुरू होतो, आणि इथे ढिगावर बोली लागत नाही, एकेका माशावर लागते. बर्फावर ओळीने झोपवलेले चाळीस-पन्नास किलोचे ट्यूना, प्रत्येकाच्या शेपटीपाशी एक काप दिलेला. खरेदीदार वाकून त्या कापातलं मांस बोटांनी चुरडून तेल बघतात. मी ससून डॉकजवळ वाढलेली, लिलाव म्हणजे आरडाओरडा आणि शिव्या हे माझ्या डोक्यात पक्कं. इथली कुजबुज ऐकून मला वाटलं अजून सुरूच झाला नाही. तोवर अर्धी रांग विकली गेली होती.

वरणभात :
आम्ही शाकाहारी आहोत, तरी लिहितो. आई-बाबा सांगलीहून आले होते, माउईला नेलं. सुशीच्या हॉटेलात मिसो सूपबद्दल तीनदा विचारलं. "टोफू आणि सी-वीड आहे, मीट नाही," असं हसतमुख उत्तर. बाबांनी तीन चमचे घेतले, आणि मग मला फोनवर शोधताना कळलं की सूपचं पाणीच दाशी असतं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचा अर्क. वाढणाऱ्या पोरीने फसवलं नव्हतं. तिच्या लेखी मांस नव्हतंच. बाबांनी वाटी सरकवली, तोंड धुऊन आले आणि त्यावर आजतागायत एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

नंतर त्यांना एक गोष्ट मात्र प्रचंड आवडली. तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत आंबटगोड भात भरलेला. जपानीत इनारी, हवाईत 'कोन सुशी' म्हणतात. बाबा म्हणाले, "पुरणपोळीत दहीभात भरलाय, पण चालेल." रोज चार.

खारा वारा :
वरणभात, ती पिशवीसुद्धा बऱ्याचदा दाशीतच उकळतात. बाबांना सांगू नका.

वरणभात :
ताई, हे वाचलंच नाही असं समजतो.

खाजरं अळू :
सगळे सुशीवर तुटून पडलेत, मी दुसरं सांगते. हवाईत माझा जीव कशात अडकला असेल तर लाऊलाऊत. अळूच्या पानांत डुकराचं मांस आणि खाऱ्या माशाचा तुकडा बांधायचा, वरून 'ती' नावाच्या झाडाचं पान गुंडाळायचं आणि तासन्‌तास वाफवायचं. आमच्या टेबलावर एक अमेरिकन जोडपं होतं. त्यातला नवरा विचारत होता की इतका वेळ कशाला शिजवायचं? मी मनात म्हटलं, दादा, कच्चं राहिलं तर घसा सांगेल कशाला ते. चिंच-कोकम न घालता खाज घालवायची तर वेळच द्यावा लागतो.

तिथे अळूच्या पानाला लुआऊ म्हणतात आणि त्यावरूनच मेजवानीला लुआऊ हे नाव पडलं. कंद कुटून त्याची पोई करतात, जांभळट-राखाडी, चिकट. पहिल्या दिवशी ती बेचव लागते आणि दोन दिवस ठेवली की आंबते. मला आंबलेली आवडली. नवऱ्याने "खळ" म्हणून बाजूला सारली. तिच्यासोबत लोमी सॅलमन येतो : खारवलेला सॅलमन, टोमॅटो, कांदा, हाताने चुरून. कूट आणि फोडणी नसलेली कोशिंबीरच. आता पंचाईत अशी की सॅलमन हवाईच्या समुद्रात नसतोच, तो बाहेरून खारवून आला. आपल्या खिचडीतल्या साबुदाण्यासारखं, इतका आपला झाला की कुणी विचारत नाही.

भांडीवाला :
2011 ते 2013 कॅलिफोर्नियात एमएस करताना अशाच एका हवाईयन थीमच्या सुशी रेस्टॉरंटात आधी भांडी घासली, मग भात सांभाळला. नाव सांगत नाही. तुमच्या 240 डॉलरची दुसरी बाजू सांगतो.

स्पायसी ट्यूना रोल कशाचा करतात माहितीये? चांगले तुकडे साशिमी (नुसते कच्चे काप) आणि निगिरीला (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) गेले की कातडीला आणि पांढऱ्या शिरांना जे मांस चिकटून राहतं ते चमच्याने खरवडायचं. शहाळ्यातली मलई काढतो ना, अगदी तसं. त्यात मेयोनीज आणि 'श्रीराचा' नावाचा मिरचीचा सॉस. मासा चांगलाच असतो, काही वाईट नाही, फक्त काय खातोय ते माहीत असावं. हिरवा वसाबी म्हणजे बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, मोहरी आणि रंग.

भाताला मात्र आमचा म्हातारा शेफ देवासारखा जपायचा. लाकडी परातीत काढून व्हिनेगर शिंपडायचं, फावड्याने कापल्यासारखं हलवायचं, कालवायचं नाही. वाढताना भात अंगाइतकाच कोमट हवा. मी एकदा घाईत फ्रिजमधला भात पुढे केला, तर त्याने तो मूठभर उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "खा." दगड. परत कधी केलं नाही. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी एक साधी निगिरी मागवतो. भात थंड आला की पुढची ऑर्डर आखडती.

आणि हो, आंबा-मेयोनीजवाल्यांची सरसकट टर उडवू नका. हवाईतल्या मोठ्या हॉटेलांमधून एके काळी बाहेरून आणलेला गोठवलेला मासा आणि युरोपियन सॉस मिळायचे. 1991 मध्ये रॉय यामागुची, ॲलन वाँग, सॅम चॉय यांच्यासारखे 12 शेफ एकत्र आले आणि इथलाच मासा, इथलीच भाजी म्हणत जपानी, चिनी, फिलिपिनो, फ्रेंच सगळं एका ताटात आणलं. माउईवर कपालुआत शेफ डी. के. कोडामांनी 'सानसेई' नावाचं सुशी रेस्टॉरंट काढलं. त्या शब्दाचा अर्थ तिसरी पिढी, म्हणजे स्थलांतरितांची नातवंडं. नातवाने आजीच्या सुशीत आंबा घातला तर ते त्याचं घर आहे. चिडायचंच तर 2018 मध्ये शिकागोच्या एका साखळीने 'अलोहा पोके' हे शब्द इतरांनी दुकानाच्या नावात वापरू नयेत म्हणून वकिली पत्रं धाडली होती, त्यावर चिडा. हवाईयन लोकांनाच सांगत होते, 'अलोहा' लिहू नका!

नको रे बाबा :
एकदा खाल्लं. थंड, मऊ, गिळगिळीत. माझी सुरमई मला तव्यावरच हवी. स्पॅम मुसुबी मात्र आवडली. भाताच्या वडीवर परतलेलं डब्यातलं मांस आणि नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या कागदाचा पट्टा, पेट्रोलपंपावर गरम मिळते. वडापावची चुलत बहीण.

मोरी :
माझा अनुभव वाईट आहे, पण उपयोगाचा. मुंबईत एका नव्या ठिकाणी पोके बोल मागवला, घरपोच. मे महिना, स्कूटरवरून तासभर फिरून आला. पहिल्याच घासाला ट्यूना जिभेवर मिरपुडीसारखा चरचरला. मला वाटलं मसाला असेल. अर्ध्या तासात कानापासून गळ्यापर्यंत लाल, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी नव्हे, हिस्टामिन. ट्यूना, बांगडा असले मासे थंड ठेवले नाहीत की त्यांच्यात ते तयार होतं, आणि एकदा झालं की शिजवूनही जात नाही. मासा चरचरला तर थुंकायचा, पैशाकडे बघायचं नाही. मी 650 रुपयांकडे बघितलं.

कुपा :
हसू येतं ते याचं की आमच्या मालवणात या ट्यूनाला, म्हणजे कुप्याला, कोण विचारत नव्हतं. पाहुण्यांपुढे पापलेट, सुरमई, कुपा घरातल्यांना. आजी त्याचं काळं मांस काढून टाकायची आणि तिरफळं घालून झणझणीत आमटी करायची. भाचीने न्यू जर्सीत त्याच कुप्याचे सहा तुकडे 22 डॉलरला खाऊ घातले तेव्हा मी मुकाट खाल्ले. चांगले होते. आजीला काय सांगायचं हा प्रश्न होता.

त्यापेक्षा बारवर बसून खाल्लेला हामाची नावाच्या माशाचा कामा लक्षात राहिला, म्हणजे गळपट्टीचा भाग, नुसतं मीठ लावून भाजलेला. शेजारचे लोक काड्यांनी वरवर टोचत होते. मी हाताने उचलला, कल्ल्यामागचं मांस काढलं, हाडं चोखली. ताटलीत उरला तो काट्यांचा स्वच्छ ढीग. शेफ काउंटरवरून वाकून बघत होता. काही बोलला नाही. दहा मिनिटांनी न मागता दुसरा कामा समोर ठेवला, बिलात लावला नाही.

ता. क. घरी पोके करायचाय. बाजारातला ताजा कुपा आणून चालेल का?

खारा वारा :
कुपाकाका, नाही. बोटीपासून तुमच्या पिशवीपर्यंत तो कितीदा उन्हात पडला ते तुम्हाला कळणार नाही, वर मोरीने लिहिलंय ते वाचा. साशिमीसाठी म्हणून गोठवलेला मिळाला तर करा. नाहीतर कोलंबी उकडून घ्या, कांदा, तिळाचं तेल, सोया सॉस, भाजलेले तीळ. इनामोना मिळणार नाही, मी काजू चांगले काळपट भाजून मिठासोबत जाडसर कुटते.

कुपा :
काजू घरचेच आहेत. रविवारी करतो, कळवतो.